स्ट्रायकरची कारकीर्द वाचायची कशी? रिकी लॅम्बर्टची वही

निवड चाचणीत नाव आलं नाही की पोराचे वडील मला एकच प्रश्न विचारतात. "सर, आता पुढं काय? वय गेलं का ह्याचं?" पोरगं असतं पंधरा-सोळाचं. मी त्यांना लगेच उत्तर देत नाही. पोराला एक लांबट वही आणायला सांगतो आणि पहिल्या पानावर एका इंग्लिश फुटबॉलपटूचं नाव लिहायला लावतो : रिकी लॅम्बर्ट.

कोल्हापुरात मी फॉरवर्ड, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढं खेळणाऱ्या (स्ट्रायकर) मुला-मुलींचा सराव घेतो. आमच्याकडे फुटबॉलचं वेड पेठापेठांत आहे. रोनाल्डोचे गोल किती आणि मेस्सीचे किती, हे पोरं झोपेतही सांगतील. पण एखाद्या खेळाडूची पूर्ण कारकीर्द, पहिल्या करारापासून निवृत्तीपर्यंत, वर्षावर्षानं उलगडून कुणी बघत नाही. तिथंच खरं शिकायला मिळतं. अशी वही कशी करायची, आकडे कुठं फसवतात आणि कुठं बोलतात, ते इथं सांगतो. इंग्लंडचा खेळाडू घ्या असं मी म्हणतो, कारण तिथं चौथ्या पायरीवरच्या, म्हणजे वरून चौथ्या लीगमधल्या क्लबच्याही प्रत्येक सामन्याची नोंद मिळते. आणि लॅम्बर्ट घ्या म्हणतो, कारण तो चारही पायऱ्या खालून वर चढत गेला.

आधी रकाने आखा

वही आडवी धरा आणि समोरासमोरची दोन्ही पानं मिळून एक तक्ता करा. रकाने असे : मोसम, त्या ऑगस्टमधलं वय, क्लब, पायरी, सुरुवातीच्या अकरात खेळलेले सामने, बदली म्हणून खेळलेले सामने, लीगमधले गोल, त्यातल्या पेनल्टी, मॅनेजर (संघ निवडणारा मुख्य प्रशिक्षक), शेजारी खेळलेला फॉरवर्ड आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा.

इंग्लंडचा मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो, म्हणून वय ऑगस्टचं घ्यायचं. लॅम्बर्टचा जन्म १६ फेब्रुवारी १९८२ चा, लिव्हरपूलजवळच्या कर्कबीचा. म्हणजे २००९-१० च्या मोसमापुढं त्याचं वय २७ लिहायचं. वयाच्या रकान्याचा आणखी एक उपयोग आहे. इंग्लंडमध्ये शाळेचे आणि अकादमीचे वयोगट १ सप्टेंबरपासून धरतात. त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेलं पोर आपल्या गटात सगळ्यात लहान पडतं. इंग्लंडचे दोन मोठे स्ट्रायकर बघा : अ‍ॅलन शिअरर १३ ऑगस्टचा आणि हॅरी केन २८ जुलैचा. केनला तर आर्सेनलनं लहान असतानाच सोडून दिलं होतं. तुमचं मूल गटात सगळ्यात धाकटं असेल, तर त्याची उंची आणि ताकद बघताना हे डोक्यात ठेवा.

पायरीचा रकाना नीट भरा, नाहीतर सगळं चुकेल

इथं आमची निम्मी पोरं अडकतात. आज इंग्लंडमध्ये सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० क्लबांची. त्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, प्रत्येकी २४ क्लबांच्या. त्याच्याही खाली नॅशनल लीग आणि पुढं गावोगावच्या लीग आहेत. ही नावं मात्र कायम हीच नव्हती. १९९२ पर्यंत सगळ्यात वरच्या लीगला फर्स्ट डिव्हिजन म्हणत. १९९२ मध्ये प्रीमियर लीग निघाली आणि दुसऱ्या पायरीला फर्स्ट डिव्हिजन म्हणू लागले. २००४ मध्ये पुन्हा बारसं झालं : दुसऱ्या पायरीची चॅम्पियनशिप, तिसरीची लीग वन, चौथीची लीग टू.

म्हणून लॅम्बर्ट २००१ मध्ये मॅकल्सफील्डकडून 'थर्ड डिव्हिजन' खेळला असं दिसलं, तर ती चौथी पायरी समजायची. २००२ मध्ये स्टॉकपोर्टला 'सेकंड डिव्हिजन' म्हणजे तिसरी. लीगचं नाव लिहूच नका. १, २, ३, ४ एवढाच आकडा लिहा. मग उजवीकडच्या गोलांकडं बघताना ते कुणासमोर झालेत हे आपोआप कळतं.

लीग वेगळी, कप वेगळा

'२३५ सामने, ११७ गोल.' साउदॅम्प्टनमधला लॅम्बर्टचा हा आकडा सगळीकडं दिसतो आणि तो बरोबर आहे. पण त्यात लीग, एफए कप आणि लीग कप ह्या बाद पद्धतीच्या स्पर्धा आणि खालच्या लीगमधल्या क्लबांसाठी असलेली ट्रॉफी, सगळं धरलं आहे. नुसत्या लीगचे सामने २०७ होतात. तुलना करायची असेल तर लीग लीगशीच ताडायची, कारण कपात एका आठवड्यात आपल्यापेक्षा दोन पायऱ्या खालचा संघ समोर येतो आणि पुढच्या आठवड्यात दोन पायऱ्या वरचा.

कपातले गोल टाकून मात्र देऊ नका. ते शेऱ्यात लिहा, कारण कधी कधी कारकीर्द तिथंच वळते. फेब्रुवारी २००८ मध्ये ब्रिस्टल रोव्हर्सनं एफए कपच्या पाचव्या फेरीत साउदॅम्प्टनला १-० असं हरवलं. गोल लॅम्बर्टच्या फ्री किकवर, शेवटच्या दहा मिनिटांत. साउदॅम्प्टन तेव्हा त्यांच्याहून वरच्या पायरीवर होतं. दीड वर्षानं त्याच साउदॅम्प्टननं त्याला विकत घेतलं.

आता वही भरायला घ्या

पहिल्या ओळी भरताना पोरांचे चेहरे पडतात, आणि ते व्हायलाच हवं. लॅम्बर्ट दहाव्या वर्षापासून लिव्हरपूलच्या अकादमीत होता. पंधराव्या वर्षी त्याला तिथून काढलं. मग ब्लॅकपूल. १९९९ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तिथं पहिला सामना मिळाला. लीगचे सामने फक्त ३, गोल शून्य. २००० मध्ये ब्लॅकपूलनंही सोडलं.

इथं वहीत एक रिकामी ओळ येते. क्लब नाही, पगार नाही. मॅकल्सफील्डमध्ये तो पैसे न घेता सरावाला जात होता. घर चालावं म्हणून एका कारखान्यात बीटच्या बरण्यांना झाकणं लावायचं काम करत होता, दिवसाला २० पाउंड मिळायचे. हे त्यानं स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. ती ओळ मी पोरांना खोडू देत नाही. मोसम लिहायचा, वय लिहायचं – १८ – आणि पुढचे सगळे रकाने मोकळे सोडायचे.

मॅकल्सफील्डनं अखेर करार दिला. चौथी पायरी, ४४ लीग सामने, ८ गोल. २००२ मध्ये स्टॉकपोर्टनं ३ लाख पाउंड मोजले. वीस वर्षांच्या पोरासाठी आणि त्या पायरीसाठी ही रक्कम मोठी होती, त्यामुळं आता हा सुटला असं वाटतं. पुढची ओळ बघा : स्टॉकपोर्टच्या पहिल्या मोसमात २ गोल. पुढच्या मोसमात १२, त्यानंतर ४. एकूण ९८ सामन्यांत १८.

एवढ्यावर थांबून पोरांना विचारा : "तुम्ही निवड समितीत असता तर ह्याला ठेवलं असतं का?" बहुतेक जण नाही म्हणतात. मग मॅनेजरचा रकाना भरायला सांगा. स्टॉकपोर्टच्या तीन मोसमांत तीन मॅनेजर झाले : कार्लटन पामर, सॅमी मॅकिलरॉय, ख्रिस टर्नर. त्याला मधल्या फळीतही खेळवलं गेलं. ज्या पोराची जागा अजून ठरलेली नाही आणि ज्याचा मॅनेजर सारखा बदलतो आहे, त्याचे गोल मोजून निकाल देता येत नाही. गोलांचा रकाना एकटा वाचायचा नसतो, हे मी शंभरदा सांगतो आणि पुढंही सांगत राहणार.

फेब्रुवारी २००५ मध्ये तो रॉचडेलला गेला. म्हणजे तिसऱ्या पायरीवरून पुन्हा चौथ्या. वय २३. लोक ह्याला घसरण म्हणतात. आता २००५-०६ ची ओळ भरा. ह्या पायरीवर लीगमध्ये एका क्लबचे ४६ सामने असतात. लॅम्बर्ट जवळजवळ सगळे खेळला आणि लीगमध्ये २२ गोल झाले. मॅनेजर स्टीव्ह पार्किन. शेजारी खेळणारा फॉरवर्ड, निम्म्या मोसमापर्यंत, ग्रँट होल्ट.

ह्या ओळीवर लाल पेन्सिलीनं खूण करायची. पहिल्यांदा एकच जागा, एकच मॅनेजर आणि दर शनिवारी नव्वद मिनिटं, असं तिन्ही एकत्र आलं. पायरी खालची होती, पण खेळायला मिळत होतं. पालकांना मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते हेच. मोठ्या नावाच्या अकादमीच्या बाकावर बसलेला सोळा वर्षांचा फॉरवर्ड आणि लहान संघात दर आठवड्याला खेळणारा फॉरवर्ड, ह्यांत मी दुसऱ्याच्या बाजूनं आहे. फॉरवर्डची जागा सरावात पूर्ण शिकता येत नाही. चुकलेली संधी, त्यानंतर पुन्हा आलेली संधी, त्या दोन्हींच्या मधली वीस मिनिटं आणि गॅलरीतल्या शिव्या, हे सगळं सामन्यातच मिळतं. म्हणून वहीत सगळ्यात आधी 'सुरुवातीच्या अकरात' हा रकाना बघायचा आणि मग गोल.

बदल्यांच्या रकमा आणि तारखा

३१ ऑगस्ट २००६, ब्रिस्टल रोव्हर्स, २ लाख पाउंड. चार वर्षांपूर्वी त्याच्यासाठी ३ लाख मोजले होते, म्हणजे बाजारात भाव उतरला होता. तारीखही लिहून ठेवा. ३१ ऑगस्ट हा खरेदी-विक्रीचा शेवटचा दिवस होता. शेवटच्या दिवशी आलेला खेळाडू नव्या संघाच्या उन्हाळी तयारीत नसतो, त्यामुळं त्याच्या पहिल्या मोसमाकडं जरा सैल हातानं बघायचं. त्या मोसमात ८ लीग गोल, रोव्हर्स चौथ्या पायरीवरून तिसऱ्यावर चढले. पुढच्या मोसमात १४. त्याच्या पुढच्या, २००८-०९ मध्ये २९. मॅनेजर तिन्ही वर्षं पॉल ट्रॉलप. हे नाव लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे.

८, १४, २९. असा चढता क्रम एकाच मॅनेजरच्या हाताखाली दिसला की समजायचं, खेळाडूला आपली जागा सापडली आणि संघालाही त्याला चेंडू कसा द्यायचा ते कळलं.

शरीराचं पान

२००९ च्या उन्हाळ्यात साउदॅम्प्टनची अवस्था बिकट होती. क्लब कर्जात बुडून प्रशासकाच्या हाती गेला होता, तिसऱ्या पायरीवर घसरला होता आणि नवा मोसम उणे १० गुणांनी सुरू करायचा होता. मार्कुस लीबहेर ह्या स्विस उद्योगपतीनं क्लब घेतला, अ‍ॅलन पार्ड्यू मॅनेजर झाले, आणि ऑगस्टमध्ये सुमारे १० लाख पाउंड मोजून लॅम्बर्टला आणलं. वय २७.

पार्ड्यूंनी त्याला त्याच्या वजनाबद्दल आणि दमाबद्दल स्पष्ट सुनावलं, असं लॅम्बर्टनं नंतर सांगितलं आहे. आदल्या मोसमात २९ गोल करून आलेला माणूस, त्याला हे ऐकायला मिळालं. त्यानं ते मनावर घेतलं आणि शरीर बदललं. पहिल्याच मोसमात सगळ्या स्पर्धा धरून तिसाच्या वर गोल आणि मार्च २०१० मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर कार्लाईलविरुद्ध ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात ४-१ असा विजय. पहिला गोल लॅम्बर्टची पेनल्टी.

शेऱ्याच्या रकान्यात खाणं, वजन, झोप, दुखापत ह्यांपैकी जे खात्रीनं कळेल ते लिहा. इथं शिअररच्या वहीतल्या दोन ओळी शेजारी ठेवतो. १९९२-९३ मध्ये ब्लॅकबर्नकडून २१ लीग सामन्यांत १६ गोल. हे २१ च का? डिसेंबरअखेर गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि मोसम संपला. पुढच्या मोसमात ४० सामन्यांत ३१. दुसरी ओळ १९९७-९८ ची, न्यूकॅसल. मोसमापूर्वीच्या सामन्यात घोटा मोडला, जानेवारीत परतला, लीगमध्ये फक्त २ गोल. सामन्यांची संख्या अचानक कमी झाली की गोलांवर मत बनवण्याआधी कारण शोधायचं. दुखापत, निलंबन, मॅनेजरशी वाद की दुसऱ्या कुणाची खरेदी, ह्यांतलं एक बहुतेक वेळा सापडतं.

पेनल्टी बाजूला काढा

मोठा स्ट्रायकर बहुतेक वेळा पेनल्टीही मारतो, त्यामुळं गोलांचा आकडा फुगतो. प्रीमियर लीगमधले शिअररचे २६० गोल बघा, ४४१ सामन्यांत. त्यातल्या ५६ पेनल्टी. वजा केल्या तर उरतात २०४. तरीही डोंगरच आहे, पण दुसऱ्या खेळाडूशी ताडताना दोन्हींच्या पेनल्टी वजा करूनच ताडा.

मात्र पेनल्टी म्हणजे फुकटचा गोल समजू नका. साउदॅम्प्टनसाठी लॅम्बर्टनं ३४ पेनल्टी मारल्या आणि ३४ ही आत घातल्या. एकही चुकली नाही. ह्याच क्लबच्या मॅट ल टिसिएनं ४८ पैकी ४७ घातल्या होत्या. पाच वर्षं, तीन पायऱ्या, वेगवेगळे गोलरक्षक, आणि प्रत्येक वेळी आधीच्या सगळ्या पेनल्टींचं वाढत गेलेलं ओझं. सरावानंतर मैदानात दिवे लागायच्या वेळी पाच पेनल्टी मारायला मी पोरांना सांगतो तेव्हा हा आकडा त्यांना पाठ असतो. लॅम्बर्टच्या पेनल्टींचे व्हिडिओ सलग बघा. धाव शांत असते, फटका जोरदार असतो आणि मन शेवटच्या क्षणी बदलल्यासारखं कुठंही दिसत नाही.

वरच्या पायरीवर

२०११ मध्ये साउदॅम्प्टन दुसऱ्या पायरीवर चढलं, २०१२ मध्ये पहिल्या. मॅनेजर नायजेल अ‍ॅडकिन्स. चॅम्पियनशिपमधल्या त्या मोसमात लॅम्बर्टचे २७ लीग गोल.

१९ ऑगस्ट २०१२, मँचेस्टर सिटीचं मैदान. सिटी आदल्या मोसमाचे विजेते. लॅम्बर्ट तिसाव्या वर्षी प्रीमियर लीगचा पहिला सामना खेळायला बदली म्हणून उतरला आणि त्यानं गोल केला. साउदॅम्प्टन एका क्षणी पुढंही गेलं, शेवटी ३-२ असं हरलं. त्या मोसमात लॅम्बर्ट सगळे ३८ सामने खेळला आणि १५ गोल केले, इंग्लिश खेळाडूंमध्ये फ्रँक लॅम्पार्डच्या बरोबरीनं सगळ्यात जास्त.

आता पायरीचा रकाना आणि गोलांचा रकाना शेजारी ठेवून वाचा. चौथ्या पायरीवर २२, तिसऱ्यावर २९, दुसऱ्यावर २७, पहिल्यावर १५. पायरी चढली की गोल कमी व्हायचेच, बचावपटू वेगळ्या दर्जाचे असतात. पण बघा, खालच्या तीन पायऱ्यांवर गोल जवळपास टिकून राहिले. ह्याचा अर्थ खेळाडू पायरीच्या वेगानं स्वतःही वाढत होता. एखाद्याचे गोल पायरी चढताच पंचवीसवरून चारवर आले, तर तोही दोष समजू नका. पुढच्या मोसमाची ओळ भरेपर्यंत थांबा. जेमी वार्डीचं तसंच झालं होतं. फ्लीटवुडकडून पाचव्या पायरीवर ३१ गोल, २०१२ मध्ये १० लाख पाउंडांना लेस्टरला गेला, आणि चॅम्पियनशिपच्या पहिल्या मोसमात ४. दुसऱ्या मोसमात १६. पुढं हाच प्रीमियर लीगचा विक्रमवीर झाला.

गोल घटले तेव्हा काय वाढलं

२०१३-१४ ची ओळ हे ह्या वहीतलं माझं सगळ्यात आवडतं पान. जानेवारी २०१३ मध्ये मॉरिसिओ पॉचेटिनो मॅनेजर म्हणून आले होते. चेंडू गेला की लगेच वर चढून दाबायचं, ही त्यांची पद्धत. एकतिशीतल्या, वेगानं कधीच प्रसिद्ध नसलेल्या लॅम्बर्टसाठी हे कठीण जाईल असं कुणालाही वाटलं असतं.

गोल १५ वरून १३ झाले. इथंच थांबलात तर उतार दिसेल. एक नवा रकाना आखा : सहकाऱ्याला पास देऊन करून दिलेले गोल. त्या मोसमात १०. शेजारच्या जे रॉड्रिगेझचे १५ गोल झाले, अ‍ॅडम ललानाचे ९. लॅम्बर्ट पुढच्या रेषेवरून थोडा खाली येऊन चेंडू घ्यायचा. त्याच्यामागं बचावपटू ओढला जायचा. त्या रिकाम्या जागेत रॉड्रिगेझ किंवा ललाना धावायचे आणि चेंडू त्यांच्या पायात पडायचा. पहिला स्पर्श छातीवर किंवा पायाच्या आतल्या बाजूनं, मान आधीच वळलेली, दुसऱ्या स्पर्शाला पास.

हे बघताना गोलांचे व्हिडिओ उपयोगाचे नाहीत, त्यात शेवटचे पाच सेकंद दाखवतात. पूर्ण सामना बघा आणि वीस मिनिटं फक्त फॉरवर्डवर डोळा ठेवा. चेंडू कुठंही असो. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने आपल्याकडं उन्हाळी वेळेत साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला लागतात. गंमत म्हणजे हे तीनचे सामने इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, लोकांनी मैदानात जावं म्हणून. आपल्याला मात्र घरात बसून बघायला मिळतात. वीस मिनिटांत लिहायच्या गोष्टी चार : किती वेळा मान वळवून मागं बघितलं, चेंडू किती वेळा पाठीमागं बचावपटू असताना घेतला, किती वेळा तो पुढं दिला, आणि चेंडू न मिळताही किती वेळा धाव घेतली. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा लिहावी लागते. पोरांना ते बघून आश्चर्य वाटतं.

देशाचा रकाना

तो वेगळ्या पानावर घ्या. १४ ऑगस्ट २०१३, वेम्बली, स्कॉटलंडविरुद्ध. वय ३१. वेन रूनीच्या जागी लॅम्बर्ट उतरला, लेटन बेन्सनं कॉर्नर मारला, आणि इंग्लंडच्या शर्टातल्या पहिल्याच स्पर्शाला, डोक्यानं, गोल. इंग्लंड ३-२. पुढं तो एकूण ११ सामने खेळला, ३ गोल केले, २०१४ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकाच्या संघातही होता.

ह्या पानाबद्दल फार सांगत नाही. तो गोल बघा आणि कॉर्नर मारण्याआधी त्याचे पाय कुठं होते ते बघा.

उताराच्या ओळीही तेवढ्याच काळजीनं भरा

२०१४ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलनं ४० लाख पाउंड देऊन त्याला परत नेलं. पंधराव्या वर्षी ज्या क्लबनं सोडलं तोच. मन भरून येतं हे वाचून, माझंही येतं. पण रकाने भरा : २५ लीग सामने, त्यातले बहुतेक बदली म्हणून, २ गोल. 'सुरुवातीच्या अकरात' हा रकाना आकसला आणि त्याच्यामागं सगळंच आकसलं. २०१५-१६ मध्ये वेस्ट ब्रॉम, एक लीग गोल, तोही पेनल्टी, ३१ ऑक्टोबर २०१५ ला लेस्टरविरुद्ध. त्याच सामन्यात लेस्टरकडून वार्डीचाही गोल आहे, त्याच्या सलग ११ सामन्यांत गोल करण्याच्या विक्रमातला. एक बरण्यांना झाकणं लावणारा, दुसरा कारखान्यात वैद्यकीय स्प्लिंट बनवणारा, दोघं प्रीमियर लीगच्या एकाच सामन्यात.

मग ३१ ऑगस्ट २०१६, पुन्हा शेवटचा दिवस, कार्डिफ. मॅनेजरच्या रकान्यात कोण? पॉल ट्रॉलप. ब्रिस्टल रोव्हर्सवाले. दहा वर्षांनी त्याच तारखेला त्याच माणसानं त्याला पुन्हा घेतलं. म्हणून मी मॅनेजरचं नाव लिहायला लावतो. फॉरवर्डचं पुढचं दार बहुतेक वेळा आधीचा मॅनेजर उघडतो. आपल्या पोरांनीही ज्या प्रशिक्षकाकडं खेळलं त्याच्याशी शेवटच्या दिवसापर्यंत नीट वागावं. ट्रॉलप मात्र ऑक्टोबरमध्येच गेले, नील वॉर्नॉक आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये, ३५ व्या वर्षी, लॅम्बर्टनं निवृत्ती जाहीर केली.

वही पूर्ण झाली की मागच्या पानावर पोरानं स्वतःचा तक्ता सुरू करायचा. तेच रकाने. वय, संघ, सुरुवातीच्या अकरात किती सामने, प्रशिक्षक कोण, शेजारी कोण खेळतो. शालेय स्पर्धा असो की पेठेतल्या संघाचा मैत्रीचा सामना, सगळं लिहायचं. महिन्याला मी बघतो. अकरात खेळलेल्या सामन्यांचा रकाना मोकळा राहिला असेल, तर पालकांना बोलावून संघ बदलायचा विचार करू असं सांगतो. गोलांचा रकाना मोकळा असेल तर काही बोलत नाही, सामना बघायला जातो.

आणि दुसरी वही करायची ठरली तर ग्रँट होल्टची करा. कार्लाईलचा हा माणूस सिंगापूरमध्ये खेळून आला, बॅरोकडून खेळताना गाड्यांचे टायर बसवत होता, पुढं नॉर्विचकडून २०११-१२ मध्ये प्रीमियर लीगला १५ गोल केले. लॅम्बर्टनं पुढच्या मोसमात केले तेवढेच. दोन्ही वह्यांमधलं रॉचडेलचं २००५-०६ चं पान समोरासमोर ठेवा. जानेवारीत होल्ट नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. आता लॅम्बर्टचे त्या मोसमातले गोल महिन्यांनुसार लिहून काढा आणि होल्ट शेजारी असतानाचे किती, तो गेल्यानंतरचे किती, ते वेगळे करा.